वादळाची वर्दी देणारा कप्तान

पावसाळ्याच्या तोंडी कोकणच्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत एक बातमी वाऱ्यासारखी पसरते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलेला असतो. तो लागला की होडी पाण्यात लोटायची नाही, जाळी आवरून ठेवायची, हे तेथील लहान मुलालाही ठाऊक असते. ओडिशातील पारादीप असो, आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणम असो वा गुजरातमधील पोरबंदर असो, भारतातील बंदरांवर हवामान खात्याच्या सूचनेवरून दिवसा शंकू व दंडगोल यांच्या आकृती आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे टांगून धोक्याचा इशारा देण्याची पद्धत रूढ आहे. वर्तमानपत्रे, आकाशवाणी, दूरदर्शन आणि मोबाइल यांमधूनही उद्या कोठे पाऊस पडेल, कोठे धुके दाटेल, समुद्र खवळेल की शांत राहील, हे आपल्याला रोज कळते. यात आता कोणाला नवल वाटत नाही. परंतु दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी, उद्याच्या हवेविषयी आज काही सांगता येईल ही कल्पना अनेक विद्वानांनाही हास्यास्पद वाटत असे. ही कल्पना इंग्लंडमध्ये प्रत्यक्षात आणण्यासाठी एका दर्यावर्दी पुरुषाने आपली संपत्ती, आरोग्य आणि लौकिक पणाला लावला. त्याचे नाव रॉबर्ट फिट्झरॉय.

रॉबर्ट फिट्झरॉय यांचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यात ॲम्प्टन हॉल येथे झाला. त्यांचे घराणे मोठे खानदानी होते. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स हा त्यांचा पूर्वज होता, तर त्यांच्या आजोबांनी देशाचे पंतप्रधानपद भूषविले होते. मात्र वैभवाच्या या वातावरणात आईचे छत्र त्यांना फार काळ लाभले नाही. ते अगदी लहान असतानाच त्यांची आई निवर्तली. वयाच्या बाराव्या वर्षी, १८१८ मध्ये, त्यांना पोर्ट्समथ येथील शाही नौदल विद्यालयात दाखल करण्यात आले. गणित, नौकानयन आणि रेखाटन या विषयांत त्यांची बुद्धी विलक्षण चमकली. १८२४ मध्ये लेफ्टनंटपदाच्या परीक्षेत त्यांनी पैकीच्या पैकी गुण मिळविले. तोवर असे यश कोणालाही मिळाले नव्हते.

त्या काळी दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडील किनारा अत्यंत धोक्याचा समजला जाई. खडकाळ बेटे, अरुंद सामुद्रधुन्या, थंडी आणि अचानक उठणारी वादळे यांमुळे तेथून गलबत नेणे म्हणजे जिवावरचे काम असे. या भागाचे विश्वसनीय नकाशे तयार करण्यासाठी इंग्लंडच्या नौदलाने पाठविलेल्या जहाजांमध्ये बीगल नावाचे एक लहान जहाज होते. तेथील एकाकी आणि खडतर जीवनाला कंटाळून बीगलच्या कप्तानाने १८२८ मध्ये आत्महत्या केली. त्याच्या जागी अवघ्या तेवीस वर्षांच्या फिट्झरॉय यांची नेमणूक झाली.

कप्तान होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच त्यांना आयुष्यभर पुरेल असा एक धडा मिळाला. जानेवारी १८२९ च्या अखेरीस बीगल जहाज प्लाता नदीच्या मुखापाशी माल्दोनादो या ठिकाणाजवळ होते. जहाजावर वायुभारमापक, म्हणजे हवेचा दाब मोजणारे यंत्र होते. वादळ जवळ येऊ लागले की हवेचा दाब कमी होतो आणि यंत्रातील पारा खाली उतरतो. त्या दिवशीही पारा उतरत होता. परंतु तरुण कप्तानाने त्या सूचनेकडे द्यावे तेवढे लक्ष दिले नाही. थोड्याच वेळात त्या प्रदेशात पाम्पेरो या नावाने ओळखला जाणारा झंझावाती वारा जहाजावर येऊन आदळला. जहाज एका बाजूला कलंडले. डोलकाठ्या मोडल्या, शिडे फाटली आणि दोन खलाशी समुद्रात बुडाले. जहाज कसेबसे वाचले. पण पाऱ्याने दिलेली सूचना आपण वेळीच मानली असती तर ते दोन जीव वाचले असते, ही जाणीव फिट्झरॉय यांच्या मनातून कधीच गेली नाही. पुढे त्यांनी जे कार्य उभारले, त्याचे बीज येथे पडले होते.

याच सफरीत तिएरा देल फ्वेगो या प्रदेशात स्थानिक लोकांनी बीगलची एक होडी पळवून नेली. तिच्या शोधात असताना फिट्झरॉय यांनी तेथील चार जणांना जहाजावर घेतले आणि १८३० मध्ये त्यांना इंग्लंडला नेले. त्यांना शिक्षण देऊन परत पाठवावे, म्हणजे त्यांच्या लोकांचे कल्याण होईल, असे त्यांना वाटत होते. परंतु माणसांना त्यांच्या भूमीतून असे उचलून नेणे हा अन्यायच होता. चौघांपैकी एक जण इंग्लंडमध्ये देवीच्या रोगाने मरण पावला. उरलेल्या तिघांना त्यांच्या घरी पोहोचविण्याची जबाबदारी फिट्झरॉय यांनी स्वतःवर घेतली आणि ती पुढच्या सफरीत पार पाडली.

बीगलची दुसरी सफर २७ डिसेंबर १८३१ रोजी सुरू झाली आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी संपली. पावणेपाच वर्षांच्या या जगप्रवासासाठी आपल्याला एखादा सुशिक्षित सोबती असावा असे फिट्झरॉय यांना वाटत होते. पूर्वीच्या कप्तानाचा शेवट त्यांना ठाऊक होता. शिवाय त्यांच्या मामांनीही १८२२ मध्ये आत्महत्या केली होती. एकांताचा आपल्या मनावर काय परिणाम होईल, याची त्यांना धास्ती होती. सोबती म्हणून त्यांना लाभला तो बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन. पुढे डार्विन यांनी मांडलेल्या उत्क्रांतीच्या सिद्धान्ताने जीवशास्त्राचे रूपच पालटले आणि बीगलचे नाव अजरामर झाले. परिणामी फिट्झरॉय यांची ओळख बहुतेकांना केवळ डार्विनचे कप्तान एवढीच राहिली.

वास्तविक या सफरीतील फिट्झरॉय यांचे स्वतःचे काम काही कमी मोलाचे नव्हते. अक्षांश-रेखांश अचूक ठरविण्यासाठी त्यांनी बावीस क्रोनोमीटर, म्हणजे अत्यंत बिनचूक चालणारी घड्याळे, बरोबर घेतली होती. वाऱ्याचा जोर ठरावीक अंकांत नोंदविण्याची ब्युफोर्ट यांची श्रेणी या सफरीत अधिकृतपणे वापरली गेली. वायुभारमापकाची नोंद रोज नियमाने होत असे. किनाऱ्याची मोजणी वेगाने व्हावी म्हणून त्यांनी स्वतःच्या खर्चाने आणखी एक गलबत विकत घेतले. पण नौदलाने तो खर्च देण्याचे नाकारले. अतिश्रमाने आणि या मनस्तापाने १८३४ मध्ये त्यांचे मन इतके खचले की काही काळ ते कप्तानपद सोडून देण्याच्या विचारात होते. सहकाऱ्यांनी समजूत घातल्यावर ते सावरले. त्यांचा स्वभाव तापट होता. सकाळी त्यांचा पारा किती चढला आहे याची चौकशी कनिष्ठ अधिकारी आपसांत सांकेतिक भाषेत करीत. आज गरम कॉफी किती वाटली गेली, असे ते एकमेकांना विचारत. तथापि त्यांचे नौकानयनातील कौशल्य आणि कर्तव्यनिष्ठा यांविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. सफरीतील कामगिरीबद्दल १८३७ मध्ये शाही भूगोल संस्थेने त्यांना सुवर्णपदक देऊन गौरविले.

१८४१ मध्ये फिट्झरॉय संसदेवर निवडून आले. जहाजांच्या कप्तानांची रीतसर परीक्षा घ्यावी, म्हणजे अडाणीपणामुळे होणारे अपघात टळतील, यासाठी त्यांनी संसदेत प्रयत्न केला. १८४३ मध्ये त्यांची न्यूझीलंडचे गव्हर्नर म्हणून नियुक्ती झाली. ते तेथे पोहोचण्यापूर्वी वायराऊ येथे जमिनीच्या वादातून इंग्रज वसाहतवाले आणि मूळचे माओरी लोक यांच्यात रक्तपात झाला होता. त्यात बावीस इंग्रज मारले गेले होते. माओरींना कठोर शासन व्हावे, अशी वसाहतवाल्यांची मागणी होती. फिट्झरॉय यांनी चौकशी केली आणि दोष इंग्रजांचाच असल्याचा निर्णय दिला. या निर्णयाने त्यांचेच देशबांधव त्यांच्यावर उलटले. तिजोरीत पैसा नव्हता, हाताशी सैन्य अपुरे होते. अखेर १८४५ मध्ये सरकारने त्यांना परत बोलाविले. आपल्याला योग्य वाटेल ते निर्भीडपणे करावे आणि त्याची किंमत मोजावी, हा त्यांच्या आयुष्याचा जणू क्रमच होऊन बसला होता.

प्रकृती ढासळल्यामुळे १८५० मध्ये त्यांनी नौदलातील प्रत्यक्ष सेवेतून निवृत्ती घेतली. १८५२ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. आयुष्य उतरणीला लागले असे वाटत असतानाच त्यांच्या खऱ्या जीवनकार्याला आरंभ झाला. १८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या परिषदेत सागरी राष्ट्रांनी आपापल्या जहाजांवर हवामानाच्या नोंदी एकाच पद्धतीने घ्याव्यात असे ठरविले. त्यानुसार १८५४ मध्ये इंग्लंडच्या व्यापार मंडळाने हवामानाचा एक छोटा विभाग सुरू केला आणि त्याचे प्रमुखपद फिट्झरॉय यांना दिले. हाताखाली माणसे मोजकीच होती. जहाजांना उपकरणे पुरवावीत, त्यांच्याकडून नोंदी गोळा कराव्यात आणि त्यांवरून वाऱ्यांचे तक्ते बनवावेत, म्हणजे जलप्रवासाचा वेळ वाचेल, एवढेच काम सरकारने त्यांच्याकडे सोपविले होते. उद्याची हवा आज सांगावी, असे त्यांना कोणीही सांगितले नव्हते.

फिट्झरॉय यांचे मन मात्र आकड्यांच्या वह्यांत रमणारे नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर लहान होड्यांतून मासेमारी करणारे गरीब लोक होते. मोठ्या जहाजांवर वायुभारमापक असे. पण ते यंत्र महाग असल्यामुळे मच्छीमारांना परवडणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी मजबूत आणि वाचण्यास सोपा असा वायुभारमापक तयार करविला आणि गरीब मच्छीमारांच्या बंदरांत, सर्वांना दिसेल अशा सार्वजनिक जागी, तो बसविण्याची योजना आखली. पारा चढला किंवा उतरला तर काय समजावे, हे सामान्य माणसाला उमगेल अशा सोप्या शब्दांत त्यांनी लिहून दिले. होडी समुद्रात लोटण्यापूर्वी मच्छीमार त्या यंत्राकडे पाहू लागले. माल्दोनादोच्या समुद्रात स्वतःला झालेली चूक इतरांना होऊ नये, अशी व्यवस्थाच जणू त्यांनी केली.

परंतु एका ठिकाणचा पारा त्याच ठिकाणापुरते सांगतो. येणारे वादळ किती मोठे आहे, ते कोठून कोठे सरकत आहे, हे त्यावरून समजत नाही. ही उणीव किती घातक आहे, ते १८५९ मध्ये साऱ्या देशाला दिसून आले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नहून निघालेले रॉयल चार्टर नावाचे जहाज लिव्हरपूलच्या जवळ येऊन ठेपले होते. सोन्याच्या खाणींत कष्ट करून कमाई घेऊन परतणारे अनेक प्रवासी सहकुटुंब जहाजावर होते. २५ ऑक्टोबरच्या रात्री भयंकर वादळ उठले. नांगरांचे साखळदंड तुटले आणि २६ तारखेच्या पहाटे जहाज वेल्समधील अँगलसी बेटाच्या खडकांवर आपटून फुटले. किनारा हाकेच्या अंतरावर होता, तरीही सुमारे ४५० माणसे प्राणास मुकली. वाचले ते जेमतेम चाळीस जण. त्यांत एकही स्त्री किंवा बालक नव्हते. त्या एका वादळात इंग्लंडच्या किनाऱ्यावर १३३ जहाजे बुडाली आणि सुमारे ८०० लोक मृत्युमुखी पडले.

फिट्झरॉय यांनी त्या दिवसांतील ठिकठिकाणच्या नोंदी मागवून नकाशांवर मांडल्या. तेव्हा वादळाचा संपूर्ण मार्ग त्यांच्यासमोर उलगडला. वादळ कोठेही अवचित उगवले नव्हते. ते एका भागातून दुसऱ्या भागाकडे सरकत गेले होते. पहिल्या ठिकाणी त्याची चाहूल लागताच पुढच्या बंदरांना कळविले गेले असते, तर असंख्य जहाजे सुरक्षित जागी थांबली असती. वादळापेक्षा वेगाने धावणारे साधनही आता माणसाच्या हाती आले होते. ते म्हणजे तारायंत्र. वाऱ्याला जे अंतर तोडायला कित्येक तास लागतात, ते तार काही क्षणांत पार करते. हे साधे पण मूलगामी तत्त्व फिट्झरॉय यांनी सरकारपुढे मांडले. युरोपातील काही शास्त्रज्ञही याच दिशेने विचार करीत होते. नेदरलँड्समध्ये १८६० मध्येच वादळाच्या सूचना देण्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षी फिट्झरॉय यांना आवश्यक ती परवानगी मिळाली.

किनाऱ्यावरील बारा-पंधरा केंद्रांतून रोज सकाळी हवेचा दाब, तापमान, वाऱ्याची दिशा व जोर आणि आकाशाची स्थिती लंडनला तारेने कळविली जाऊ लागली. या सर्व माहितीचा मेळ घालून वादळाचा संभव दिसताच संबंधित बंदरांना तार जाई. तेथे उंच डोलकाठीवर मोठ्या आकृती चढविल्या जात. टोक वर असलेला शंकू म्हणजे उत्तरेकडून वादळी वारा, टोक खाली असलेला शंकू म्हणजे दक्षिणेकडून, आणि दंडगोल म्हणजे पाठोपाठ वेगवेगळ्या दिशांनी येणारे वारे. रात्री याच आकृती कंदिलांच्या मांडणीने दाखविल्या जात. ज्याला अक्षरओळख नाही, अशा खलाशालाही दुरून समजेल अशी ही भाषा होती. आपल्या बंदरांवरील बावट्यांचे नाते याच भाषेशी आहे.

पहिला इशारा ६ फेब्रुवारी १८६१ रोजी दिला गेला. ही पद्धत अगदीच नवी असल्यामुळे अनेकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले. तीनच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, ईशान्य किनाऱ्यावर प्रचंड वादळ झाले. व्हिटबी या गावी तर बुडणाऱ्या जहाजांवरील लोकांना वाचविण्यासाठी पुन्हा पुन्हा समुद्रात गेलेल्या बचाव-नौकेवरील तेरापैकी बारा जणांना जलसमाधी मिळाली. इशारा मानायचा की नाही, हा प्रश्न जीवनमरणाचा आहे, हे किनाऱ्यावरील लोकांना हळूहळू पटू लागले.

वादळ येणार नसेल त्या दिवशी काय, हा पुढचा प्रश्न होता. माहिती तर रोजच येत होती. मग रोजची हवा कशी असेल हेही का सांगू नये? १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या द टाइम्स या दैनिकात सर्वसामान्य वाचकांसाठी हवामानाचा पहिला अंदाज छापून आला. त्यात देशाचे उत्तर, पश्चिम आणि दक्षिण असे विभाग केले होते. कोणत्या विभागात वारा कोणत्या दिशेने व किती जोराने वाहील आणि हवा कशी राहील, हे अगदी मोजक्या शब्दांत सांगितले होते. पहिल्या दिवशीचा अंदाज तिन्ही विभागांत चांगली हवा राहील असा होता. पुढे विभागांची संख्या वाढली. केंद्रांकडून आलेल्या नोंदींचे तक्तेही छापले जात. निरभ्र आकाश, ढग, धुके, पाऊस, गारा, विजा यांसाठी त्यांत एकेक अक्षर ठरवून दिलेले असे. सकाळी दहाच्या सुमारास तारा येत आणि अकराच्या सुमारास अंदाज तयार होऊन वृत्तपत्रांकडे रवाना होई. एवढ्या तासाभरात सर्व आकडे तपासून निष्कर्ष काढण्याचे काम रोज करावे लागे.

आपल्या कामाला कोणते नाव द्यावे, याचाही फिट्झरॉय यांनी विचार केला होता. भविष्य किंवा भाकीत असे अर्थ सुचविणारे शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. ज्योतिषी भविष्य सांगतो. आपण मात्र नोंदी, गणित आणि अनुभव यांच्या आधारे केवळ एक शास्त्रीय मत देतो, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून त्यांनी हवामानासाठी फोरकास्ट हा शब्द रूढ केला. मराठीत आपण त्याला अंदाज म्हणतो, आणि त्या शब्दातही चुकण्याची शक्यता गृहीत धरलेली आहे. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेदर बुक या ग्रंथात त्यांनी आपली पद्धत विस्ताराने स्पष्ट केली.

लोकांना मात्र हा भेद ध्यानात घेण्याची सवड नव्हती. अंदाज बरोबर ठरला की कोणी त्याची आठवण ठेवीत नसे. चुकला की थट्टेला ऊत येई. चुका होणे अटळ होते. इंग्लंडमधील बहुतेक वादळे पश्चिमेकडील अटलांटिक महासागरावरून येतात. त्या बाजूला आयर्लंडच्या पलीकडे सारे पाणीच पाणी. तेथे केंद्र नव्हते, आणि भर समुद्रातील जहाजाला तार पाठविण्याचे साधन त्या काळी नव्हते. म्हणजे शत्रू ज्या दिशेने येणार, नेमक्या त्याच दिशेला पहारेकरी नव्हता. तरीही वृत्तपत्रांनी टिंगल केली. ज्या द टाइम्समध्ये अंदाज छापले जात, त्यानेही चुकांची जबाबदारी आपल्यावर नाही असे सांगून अंग काढून घेतले. संसदेत खर्चाविषयी प्रश्न विचारले गेले. मासेमारीच्या नौकांचे काही मालकही नाराज होते, कारण बावटा लागला की नौका बंदरात अडकून पडत आणि त्यांचा धंदा बुडे. केवळ अनुभवावर आधारलेल्या या अंदाजांना भक्कम सिद्धान्ताचा पाया नाही, असा शास्त्रज्ञांचा आक्षेप होता. त्यात तथ्यही होते. परंतु सिद्धान्त पूर्ण होईपर्यंत हाताशी असलेले अपुरे ज्ञान दडवून ठेवावे आणि तोवर माणसे बुडू द्यावीत, हे फिट्झरॉय यांना मान्य नव्हते. दुसरीकडे, खुद्द राणी व्हिक्टोरिया समुद्रापलीकडे वाइट बेटावर जाण्यापूर्वी त्यांच्याकडे हवामानाची चौकशी करीत असे.

या ओढाताणीत त्यांचे शरीर आणि मन दोन्ही थकत गेले. त्यांना ऐकू कमी येऊ लागले. झोप उडाली. सार्वजनिक कामांसाठी वेळोवेळी पदरमोड केल्यामुळे वडिलोपार्जित संपत्ती जवळजवळ संपली होती. डॉक्टरांनी विश्रांतीचा सल्ला दिला. पण कामावाचून त्यांना चैन पडत नसे आणि काम करण्याची शक्तीही उरली नव्हती. ३० एप्रिल १८६५ रोजी, रविवारच्या सकाळी, लंडनजवळील अपर नॉरवुड येथील आपल्या घरी त्यांनी स्वतःच आपल्या जीवनाचा अंत केला. त्या वेळी ते साठ वर्षांचेही नव्हते. मनाच्या आजाराकडे त्या काळी आजार म्हणून पाहिले जात नसे आणि त्यावर उपचारही उपलब्ध नव्हते. आज तशी स्थिती नाही. वादळाची सूचना हजारो लोकांना देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या मनातील वादळाची चाहूल लागूनही त्याला वेळीच आधार मिळू शकला नाही, ही गोष्ट चटका लावून जाते. त्यांच्यामागे कुटुंबाजवळ फारसे काही उरले नव्हते. बीगलवरील एका जुन्या सहकाऱ्याने पुढाकार घेऊन मदत गोळा केली. सरकारने तीन हजार पौंड दिले आणि राणीने त्यांच्या पत्नीला हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राहण्यास जागा दिली.

त्यांच्या मृत्यूनंतर एका समितीने विभागाच्या कामाची तपासणी केली. अंदाजांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे मत तिने दिले. त्यानुसार १८६६ मध्ये दैनिक अंदाज आणि वादळाचे इशारे दोन्ही बंद करण्यात आले. फिट्झरॉय यांचे कार्य त्यांच्याबरोबरच संपले असे वाटले. पण येथेच एक अनपेक्षित गोष्ट घडली. बंदरांतील खलाशी आणि मच्छीमार यांच्याकडून इशारे पुन्हा सुरू करण्याची मागणी होऊ लागली. विद्वानांना जे अपुरे वाटले होते, ते ज्यांचे प्राण पणाला लागलेले असत त्यांना हवे होते. सुमारे वर्षभरातच वादळाचे इशारे पुन्हा सुरू झाले. १८७९ मध्ये दैनिक अंदाजही पुन्हा जनतेसाठी प्रसिद्ध होऊ लागले.

भारतातही याच सुमारास अशी निकड भासली होती. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळाने आणि त्याबरोबर हुगळी नदीत शिरलेल्या समुद्राच्या लाटेने सुमारे साठ हजार लोकांचा बळी घेतला. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था करण्यात आली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. हळूहळू इतर बंदरांतही इशाऱ्यांची पद्धत आली. आज कृत्रिम उपग्रह, रडार आणि महासंगणक यांच्या साहाय्याने बंगालच्या उपसागरातील वा अरबी समुद्रातील चक्रीवादळाचा मार्ग काही दिवस आधी सांगता येतो. १९९९ मध्ये ओडिशात आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक दगावले होते. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन हे तीव्र चक्रीवादळ आले, तेव्हा वेळेवर मिळालेल्या सूचनेमुळे लाखो लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविता आले. त्यामुळे प्राणहानी पूर्वीच्या मानाने फारच थोडी झाली.

ज्या देशाने त्यांची थट्टा केली, त्या देशाने पुढे फिट्झरॉय यांची आठवण योग्य रीतीने जपली. जहाजांसाठी रेडिओवरून दिल्या जाणाऱ्या हवामानवृत्तात समुद्राच्या प्रत्येक विभागाला स्वतंत्र नाव असते. २००२ मध्ये त्यांपैकी एका विभागाला फिट्झरॉय हे नाव देण्यात आले. त्या यादीत एखाद्या व्यक्तीचे नाव हे एकच आहे. दक्षिण अमेरिकेत पॅटागोनियातील एका उत्तुंग पर्वतशिखरालाही त्यांचे नाव आहे.

आजही कधी बावटा लागतो आणि समुद्र शांतच राहतो. एक दिवसाची कमाई बुडाली म्हणून किनाऱ्यावरचा मच्छीमार हळहळतो. त्याची हळहळ खरी आहे, कारण त्या कमाईवर त्याची चूल पेटते. परंतु असा एखादा दिवस वाया जाणे आणि घरातील कर्ता माणूस परत न येणे, या दोहोंची तुलना होऊ शकत नाही. अंदाज कधीतरी चुकणारच, हे ठाऊक असूनही तो रोज प्रामाणिकपणे देत राहण्याचे धैर्य फिट्झरॉय यांनी दाखविले. दोन खलाशांच्या मृत्यूने त्यांना दिलेला धडा त्यांनी आपल्यापुरता ठेवला नाही. तो साऱ्या दर्यावर्दी जगाला वाटून टाकला.